दगडापेक्षा वीट मऊ म्हणत किती वर्षं मत द्यायचं?

ब्रिटनच्या राजकारणावर काय विचारायचं ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच, की तिथले लोक इतके शिस्तीचे, बसस्टॉपवर दोघं असले तरी रांग लावणारे, मग असे नेते निवडतात कसे, आणि एकदा कळल्यावर पुन्हा तेच का निवडतात. माझं घर लंडनच्या हॅरोला आहे, त्यामुळे यातलं बरंचसं दारात आलेल्या पत्रकांपासून बघितलंय. जे वाटतं ते सरळ लिहितेय, पटलं नाही तर भांडा.

प्रश्न (स्लाउहून एक आयटीवाले वाचक): ताई, आमच्या टीममध्ये एक पन्नाशीचा गोरा माणूस आहे. लंचला बसला की टोरी म्हणजे हुजूर पक्षाच्या नेत्यांना अशा शिव्या घालतो की ऐकवत नाही, बोरिस खोटारडा, ट्रसने वाट लावली, सगळे चोर, आणि मत कुणाला दिलंस विचारलं की म्हणतो टोरीच, दुसरं आहे कोण. हे काय लॉजिक आहे?

उत्तर: लॉजिक आपलंच आहे हो, दगडापेक्षा वीट मऊ. तुमच्या त्या सहकाऱ्याचं हुजूर पक्षावर काही प्रेम नाहीये, त्याला मजूर पक्ष म्हणजे लेबर आला तर टॅक्स वाढेल, घराची किंमत पडेल, असली काहीतरी भीती आहे, आणि ती भीती कुठल्याही घोटाळ्यापेक्षा जुनी आहे, बहुतेक वडिलांकडून आलेली. तिकडच्या बाजूलाही तेच, लिव्हरपूलकडच्या मर्सीसाइडमध्ये असे लोक भेटतात की लेबरला कंटाळलेत पण टोरीच्या नावापुढे हात धजत नाही.

एक उदाहरण देते. एप्रिल २०२१ मध्ये पेपरात रोज एकच विषय होता, डाउनिंग स्ट्रीटच्या सरकारी फ्लॅटचं तेव्हाचा पंतप्रधान बोरिस जॉन्सनने केलेलं रिनोव्हेशन, तो महागडा वॉलपेपर, आणि त्याचे पैसे पक्षाच्या देणगीदाराने भरले का (पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निवडणूक आयोगाने पक्षाला १७,८०० पाउंड दंडही ठोकला). आणि ही सगळी बोंबाबोंब चालू असताना ६ मे ला हार्टलपूलची पोटनिवडणूक लागली, ईशान्य इंग्लंडमधलं बंदराचं गाव, १९७४ ला हा मतदारसंघ तयार झाल्यापासून कायम लेबरकडे, आणि तिथे टोरी उमेदवार जवळजवळ सात हजारांनी निवडून आली! गावातल्या दहातल्या सात जणांनी २०१६ ला ब्रेक्झिटला हो म्हटलं होतं आणि लेबरवाले पुढची तीन-चार वर्षं पुन्हा मतदान घ्यायचं का नाही यावर घोळ घालत बसले होते, त्याचा राग होता तो. वॉलपेपर कुणाला दिसलाच नाही.

आता गंमत बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओवेन पॅटरसन हे टोरी खासदार दोन कंपन्यांकडून वर्षाला लाखभर पाउंड घेऊन त्यांच्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकत होते हे संसदेच्या समितीने सांगितलं, ३० दिवस निलंबित करा म्हणाली, आणि जॉन्सन सरकारने काय केलं तर व्हिप काढून नियमच बदलायला घेतले. एका दिवसात आरडाओरडा होऊन माघार घेतली, पॅटरसननी राजीनामा दिला. त्यांचा नॉर्थ श्रॉपशायर म्हणजे मेंढ्या आणि शेतीचा मतदारसंघ, तो भाग जवळजवळ दोनशे वर्षं बहुतेक टोरींचाच, २०१९ ला २२,९४९ चं मताधिक्य. १६ डिसेंबरला लिबरल डेमोक्रॅट्सनी तो जवळपास सहा हजारांनी घेतला. हार्टलपूल ते नॉर्थ श्रॉपशायर, मध्ये फक्त सात महिने! मधल्या काळात काय झालं ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न (पुण्याहून एक निवृत्त बँक अधिकारी): लॉकडाउनमध्ये ऑफिसात केक कापला, दोन ग्लास वाइन घेतली, एवढ्यावरून जॉन्सनसारखा पंतप्रधान जातो? आपल्याकडे हे कुणी बातमी म्हणूनही छापलं नसतं. मला तरी हा सगळा कांगावा वाटतो.

उत्तर: काका, केकचा मुद्दाच नव्हता. तो काळ आठवून बघा. २०२० च्या मेमध्ये इंग्लंडमध्ये घराबाहेर दुसऱ्या घरातल्या फक्त एका माणसाला भेटता येत होतं, तेही दोन मीटरवरून. लोकांनी आईवडिलांना आयपॅडवर निरोप दिला. बायका एकट्या बाळंत झाल्या. आणि त्याच महिन्यात २० तारखेला डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत पार्टी, पंतप्रधानांच्या सेक्रेटरीने शंभराहून जास्त जणांना ईमेल केलेला की येताना आपापली दारू घेऊन या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तसं, फक्त इथे ब्रह्मज्ञान मोडलं की पोलीस पावती फाडत होते.

सगळ्यात जास्त लागलं ते १६ एप्रिल २०२१ चं. दुसऱ्या दिवशी प्रिन्स फिलिप यांचे अंत्यसंस्कार होते, नियम ३० माणसांचा, राणीने तो पाळला, विंडसरच्या चॅपलमध्ये काळा मास्क लावून एकटी बसली होती, तो फोटो जगभर गेला. आणि आदल्या रात्री डाउनिंग स्ट्रीटमध्ये दोन-दोन पार्ट्या, सूटकेस घेऊन दुकानातून वाइन आणलेली, बागेतला लहान मुलाचा झोपाळा मोडलेला. हे जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आल्यावर पंतप्रधान कार्यालयाने राजवाड्याची माफी मागितली. माझ्या गल्लीत एक आजी आहेत, कायम टोरी, खिडकीत त्यांचाच बोर्ड लावायच्या, त्यांनी त्या आठवड्यात बोर्डच्या बोर्ड रिसायकलिंगच्या डब्यात टाकला. वॉलपेपरच्या वेळी त्याच म्हणाल्या होत्या की घर नीट ठेवायला पैसे लागतातच.

पोलिसांनी शेवटी १२६ दंडाच्या नोटिसा काढल्या, त्यात एक जॉन्सनची आणि एक तेव्हाच्या अर्थमंत्र्यांची म्हणजे ऋषी सुनक यांची. पदावर असताना कायदा मोडला म्हणून दंड झालेला हा पहिला ब्रिटिश पंतप्रधान. आणि तरी बघा, तो यावरून गेलाच नाही! जून २०२२ मध्ये पक्षाच्या खासदारांनी अविश्वासाचं मतदान घेतलं, २११ विरुद्ध १४८, वाचला. महिन्याभरात गेला तो क्रिस पिंचर प्रकरणावरून, उपमुख्य प्रतोद होता, दारू पिऊन क्लबात दोन पुरुषांच्या अंगचटीला गेल्याचा आरोप, आणि याच्याबद्दल आधी तक्रारी होत्या हे आपल्याला माहीतच नव्हतं असं पंतप्रधानांच्या ऑफिसने सांगितलं, मग कळलं की माहीत होतं. मंत्री तरी किती वेळा टीव्हीवर जाऊन खोटं बोलणार दुसऱ्यासाठी. पन्नासच्या वर मंत्री आणि सहायकांनी दोन-तीन दिवसांत राजीनामे दिले. पुढे २०२३ मध्ये संसदेच्या समितीने सांगितलं की याने सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, आणि सभागृहाने तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ ने मान्य केला.

कांगावा म्हणताय ना, मला राग वेगळाच आहे. कोव्हिडमध्ये पीपीई किट घ्यायला सरकारने एक व्हीआयपी रांग लावली होती, मंत्री-खासदारांच्या ओळखीने आलेल्या कंपन्यांची फाइल आधी बघायची. हायकोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये ही रांग बेकायदा ठरवली. त्यातूनच आलेल्या पीपीई मेडप्रो या कंपनीचे गाऊन निर्जंतुक असल्याचं सिद्धच झालं नाही म्हणून कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १२ कोटी २० लाख पाउंड परत करायला सांगितले. यावरून कुणाच्या खिडकीतला बोर्ड खाली आला? एकाही नाही. झोपाळा मोडला ते लोकांना दिसतं, कोट्यवधी गेले ते दिसत नाहीत. हे इंग्लंडचंच आहे असं नाही म्हणा.

प्रश्न (कोल्हापूरहून पॉलिटिकल सायन्सचा विद्यार्थी): ताई, २०२२ च्या जूनअखेर आपल्याकडे गुवाहाटी चालू होतं आणि तिकडे जॉन्सनचं. त्यांच्या खासदारांना हॉटेलात का नाही न्यावं लागलं?

उत्तर: हा प्रश्न आवडला मला. तिकडे पक्षांतरबंदी कायदाच नाहीये रे. आपल्याकडे १९८५ पासून दहावं परिशिष्ट आहे, व्हिप मोडला की आमदारकी जायची भीती, म्हणून दोन तृतीयांश आकडा जमेपर्यंत कोंडून ठेवायचं. तिकडे जानेवारी २०२२ मध्ये क्रिस्चन वेकफर्ड नावाचा टोरी खासदार पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तराच्या तासाआधी काही मिनिटं पक्ष बदलून समोरच्या बाकावर लेबरचे नेते स्टार्मर यांच्या मागे जाऊन बसला, खासदारकीला धक्का नाही. आणि टोरींमध्ये नेत्यावर अविश्वासाचं मतदान घ्यायचं तर तेव्हा पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी १९२२ कमिटी नावाच्या टोरी खासदारांच्याच समितीच्या अध्यक्षाकडे गुपचूप पत्र द्यायचं, म्हणजे ५४ पत्रं लागायची. कोणी दिलं ते बाहेर येत नाही. त्यामुळे तिथे निष्ठा खासदारांची कमी आणि मतदारांची जास्त असं काहीसं उलटं चित्र आहे.

पण लगेच हुरळून जाऊ नकोस. खासदारांनी नेता काढला तरी नवा कोण हे ठरवतात पक्षाचे वर्गणीदार मेंबर. जॉन्सननंतर लिझ ट्रसला ८१,३२६ मेंबरांची मतं पडली आणि ती पावणेसात कोटींच्या देशाची पंतप्रधान झाली, सामान्य मतदाराला विचारलंच नाही कुणी. २३ सप्टेंबर २०२२ ला तिच्या अर्थमंत्र्याने मिनी बजेट आणलं, ४५ अब्ज पाउंडांची करकपात आणि पैसे कुठून आणणार ते सांगितलंच नाही, पाउंड आपटला, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं, आणि दोन वर्षांच्या फिक्स्ड मॉर्गेजचा म्हणजे घरकर्जाचा दर सहा टक्क्यांच्या वर गेला. एका टॅब्लॉइडने कोबीसारख्या त्या लेट्युसच्या गड्ड्यावर कॅमेरा लावला, आधी हा सडतो की ती जाते, गड्डा जिंकला. २०१६ ते २०२४ मध्ये कॅमेरून धरून स्टार्मरपर्यंत सहा पंतप्रधान झाले, सार्वत्रिक निवडणुका तीनच.

आणि माझं प्रामाणिक मत सांगू का, पार्टीगेटने म्हणजे त्या पार्ट्यांच्या प्रकरणाने टोरींचा मतदार दुखावला, पण तोडला तो या मॉर्गेजने. माझ्या ओळखीतले कितीतरी लोक, आपले मराठीसुद्धा, जॉन्सनला हसून सोडून देत होते, त्यांचं फिक्स संपलं आणि महिन्याचा हप्ता काहीशे पाउंडांनी वाढला, तेव्हा पहिल्यांदा विचारायला लागले की आपण मत नक्की कशाला देतो.

प्रश्न (लेस्टरहून एक वाचक): आपल्या भारतीय लोकांनी २०२४ मध्येसुद्धा टोरींना का धरून ठेवलं? बाकी देशाने झोडपलं आणि आपण हार घालतोय, लाज वाटते.

उत्तर: लाज कशाला, पण निरीक्षण बरोबर आहे. ४ जुलै २०२४ ला टोरी १२१ जागांवर आले, त्यांच्या इतिहासातला सगळ्यात वाईट निकाल, आणि देशात एकच मतदारसंघ असा होता जिथे त्यांना पन्नास टक्क्यांच्या वर मतं पडली, तो म्हणजे आमचा हॅरो ईस्ट. बॉब ब्लॅकमन २०१० पासून आहेत, देवळात दिसतात, नवरात्रात दिसतात, भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली आहे. आणि तुमचं लेस्टर ईस्ट! टोरींनी त्या निवडणुकीत लेबरकडून घेतलेली एकमेव जागा. तिथे तर लेबरचे दोन माजी खासदार लेबरच्याच विरोधात उभे राहिले, त्यातले कीथ वाझ यांना स्वतःच्या भानगडीवरून २०१९ मध्ये सहा महिन्यांचं निलंबन झालं होतं, आणि मतं फुटली. म्हणजे टोरींवरच्या निष्ठेपेक्षा लेबरच्या घरातलं भांडण जास्त होतं तिथे.

त्यात २०१९ च्या लेबर अधिवेशनातला काश्मीरवरचा ठराव अनेकांच्या डोक्यातून गेलेला नाही. व्हॉट्सॲपवर तो अजून फिरतो, दर निवडणुकीला, नव्यासारखा. यावर कुणाचं मत काय असावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, मला खटकतं ते एवढंच की त्या एका फॉरवर्डपुढे बाकीचं काही विचारलंच जात नाही. पोस्ट ऑफिसचं प्रकरण घ्या. होरायझन नावाच्या सदोष सॉफ्टवेअरने हिशेबात तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ मध्ये नऊशेच्या वर पोस्टमास्तरांना चोर, लबाड ठरवून शिक्षा झाल्या, त्यात आपल्या लोकांची दुकानं किती होती! एक भारतीय वंशाची बाई पोटुशी असताना तुरुंगात गेली. या काळात लेबर, टोरी आणि लिबडेम तिन्ही पक्ष सरकारात होऊन गेले, तिघांच्याही मंत्र्यांनी पोस्ट ऑफिसच्या साहेबांवर विश्वास ठेवला. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका लागली तेव्हा सरकार हललं आणि कायदा करून शिक्षा रद्द केल्या. दारात मत मागायला आलेल्या कुठल्या उमेदवाराला तुम्ही हे विचारलंत का? मी विचारलं, तो म्हणाला ईमेल करा.

प्रश्न (नागपूरहून एक शिक्षिका): मग लेबर आल्यावर तरी सुधारलं का काही?

उत्तर: बाई, आधी आकडा बघा. लेबरला मतं पडली ३३.७ टक्के आणि ६५० पैकी जागा मिळाल्या ४११. आपल्यासारखीच पद्धत, सगळ्यात पुढे तो विजयी. मतदान झालं साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लोकांनी टोरींना हाकललं, स्टार्मरना डोक्यावर घेतलं नव्हतं, आणि हे त्यांच्या लोकांना कळायला हवं होतं. तर झालं काय, आल्या आल्या पेन्शनरांची हिवाळ्यातली हीटिंगची मदत, दोनशे-तीनशे पाउंड, बहुतेकांची बंद केली, आणि त्याच महिन्यांत बातमी आली की पंतप्रधानांचे चष्मे आणि सूट लॉर्ड अली या देणगीदाराने घेऊन दिलेत. नियमात बसत होतं ते, पण म्हातारी माणसं गारठणार आणि तुमचा चष्मा दुसऱ्याच्या पैशाचा, हे कोण ऐकून घेईल! ती मदत पुढच्या वर्षी बऱ्याच जणांना परत दिली, तोपर्यंत व्हायचं ते नुकसान झालेलं.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये एकाच आठवड्यात दोन. उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी होव्हच्या फ्लॅटवर स्टॅम्प ड्युटी कमी भरली म्हणून राजीनामा, आणि त्या होत्या घरबांधणी खात्याच्याच मंत्री. लगेच वॉशिंग्टनमधले राजदूत पीटर मँडेल्सन यांना लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जेफ्री एपस्टीनशी असलेल्या दोस्तीच्या ईमेल बाहेर आल्यावर काढलं. हे मँडेल्सन पूर्वी दोनदा मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले, १९९८ आणि २००१. आणि खासदार कुठले होते माहितीये? हार्टलपूलचे!

फरक आहे का, तर थोडा आहे, रेनरबाईंनी स्वतःच चौकशीला नाव दिलं आणि निकाल आला त्या दिवशी गेल्या, जॉन्सनसारखं महिनोन्महिने ओढलं नाही. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पक्ष बदलून मत दिलं त्याला हा फरक समजावून सांगायला जा तुम्ही. मे २०२५ मध्ये रनकॉर्नला पोटनिवडणूक झाली, लेबरच्या खासदाराने रस्त्यात एका माणसाला ठोसे मारले म्हणून, आणि ती जागा नायजेल फराजच्या उजव्या रिफॉर्म पक्षाने ६ मतांनी घेतली. सहा! दोन्ही जुन्या पक्षांना वाटत होतं की आपले लोक चिडले तरी जाणार कुठे. आता गेले तर म्हणतात लोकांना झालंय काय. मला फराजचं राजकारण अजिबात पटत नाही, पण आपला तो बाब्या करत बसलेल्यांनी त्यासाठी मतदाराला शिव्या घालू नयेत.

प्रश्न (ठाण्याहून): तिथे खासदाराला मध्येच परत बोलावता येतं म्हणे?

उत्तर: हो, २०१५ चा कायदा आहे. तुरुंगवास झाला, खर्चाच्या खोट्या पावत्यांबद्दल दोषी ठरला किंवा संसदेने दहा किंवा जास्त दिवस निलंबित केलं, तर मतदारसंघात सहा आठवडे सह्यांचं पुस्तक उघडतं, १० टक्के मतदारांनी सही केली की पोटनिवडणूक. मोर्चे, आंदोलन काही नाही, टाउन हॉलमध्ये जाऊन सही. पण पक्ष काय करतात बघा, २०१९ मध्ये ब्रेकनच्या मतदारांनी ज्याला काढलं त्यालाच टोरींनी पुन्हा तिकीट दिलं, आणि २०२४ मध्ये वेलिंगबरोला काढलेल्या पीटर बोन यांच्या जोडीदाराला. दोन्हीकडे पडले.

प्रश्न (साताऱ्याहून एक काकू): माझा मुलगा कामाच्या व्हिसावर गेल्या वर्षी मँचेस्टरला गेला, पासपोर्ट आपलाच. म्हणतो मला मत आहे तिकडे. थापा मारतोय का?

उत्तर: नाही काकू, खरं बोलतोय. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेला आणि कायदेशीर व्हिसावर राहणारा माणूस ब्रिटनच्या संसदेलासुद्धा मत देऊ शकतो, नागरिकत्व लागत नाही. फ्रेंच किंवा जर्मन माणसाला हा हक्क नाही, तुमच्या मुलाला आहे, आणि आपल्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नसतं. उलट साताऱ्याच्या खासदाराला मत द्यायचं तर परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवून त्याला स्वतः विमानाने यावं लागेल. तिथे ऑनलाइन रजिस्टर करायला पाच-दहा मिनिटं लागतात, घर बदललं की पुन्हा करायचं, भाड्याने राहणारी मुलं हे हमखास विसरतात. मतदानाला जाताना फोटो आयडी न्यायला सांगा, भारतीय पासपोर्ट चालतो. हा आयडीचा कायदा जॉन्सनच्याच सरकारने आणला, आणि मे २०२४ च्या स्थानिक मतदानाला ते स्वतःच आयडी घरी विसरून आले, केंद्रावरच्या लोकांनी सरळ परत पाठवलं, जाऊन घेऊन आले मग.